गुलाबी ठिपक्याची टाकी

पेट्रोल वाढलं त्या आठवड्यात वार्तिनीनं भज्यांचं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणखी पातळ कापायला घेतलं.

"सुरीनं कापतेस का रंध्यानं?" भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्या एका गिऱ्हाईकानं भजं उन्हात धरलं. "पलीकडचं दिसतंय की यातून!"

"दिसतंय ना? मग बघ, तुझ्या पेट्रोलचा भाव कुठवर गेलाय ते."

तो हसला. ती हसली नाही. सेमारांग शहरातल्या त्या गल्लीत आता हसू येईल असं काही उरलं नव्हतं. पेट्रोल वाढलं म्हणून पीठ वाढलं. पीठ वाढलं म्हणून तेल वाढलं. तेल काय पिठातून काढतात? पण वाढलं. तिचा नवरा पार्योनोसुद्धा भाड्याची मोटारसायकलच चालवायचा, आणि दिवसभराच्या कमाईतली निम्मी तो पंपावर ओतून घरी यायचा. पोरीची शाळेची गाडी बंद झाली. अंडं आठवड्यातून एकदा, तेही तिघांत मिळून.

आणि गॅस. हिरवी छोटी टाकी. दिसायला गोल म्हणून सगळे तिला खरबूज म्हणायचे. तिच्या अंगावर ठळक छापलेलं असतं, फक्त गरिबांसाठी. पण मोठी टाकी महागली तशी गाडीवाल्यांनीही हिरव्याच टाक्या घरात भरून ठेवल्या, आणि गरीब उन्हात रांगा लावून रिकाम्या हातानं परत यायला लागले. वार्तिनीकडे एकच टाकी होती. दोन दिवस रांगेत उभी राहून भरून आणलेली. अदलाबदल होऊ नये म्हणून पोरीनं तिच्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका लावला होता.

शुक्रवारी दुपारी ती घरी आली तर पोरगी जेवणाचा डबा पुढ्यात घेऊन बसलेली. भात, शेवया, मटणाचा तुकडा.

"हे कुठून आलं?"

"इबू कुसमींनी पाठवलं. लग्नाचं. अंडं पण होतं."

"होतं म्हणजे?"

पोरीनं तोंड पुसलं.

वार्तिनीनं डबा ओढून आत बघितलं. इबू कुसमी म्हणजे गल्लीप्रमुख मुल्यादींची बायको. रविवारी त्यांच्या मुलीचं लग्न. लग्नाचा डबा घरात आला आणि त्यातलं शीत जरी खाल्लं तरी माणूस बांधला गेला. आहेर द्यायचा, बायकांनी जाऊन कांदे सोलायचे, पुरुषांनी मांडवात बसायचं. डबा परत करता आला असता. खाल्लेलं अंडं कसं परत करणार?

डब्यासोबत निरोपही होता. घरटी एक हिरवी टाकी पाठवा, लग्नाच्या रांधपासाठी. भरून परत देऊ.

"टाकी?" वार्तिनी भडकली. "दोन-दोन गाड्या दारात आहेत त्यांच्या! आणि मी भजी कशावर तळू, लग्नपत्रिकेवर?"

"हळू बोल," पार्योनो म्हणाला. "द्यावी लागेल. उद्या आपल्या घरात कोणी मेलं तर खांदा द्यायला गल्लीच येणार ना?"

"अहो पाके, टाकी दिली तर मरणारच आहोत. खांदा लागेलच, बरोबर आहे तुमचं."

तरी तिनं टाकी दिली. स्वतः कडेवर घेऊन गेली आणि इबू कुसमींना तोंडावर सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी मला परत हवी. रविवारी सकाळी मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो, लोक चालायला येतात. माझा आठवडा त्या एका सकाळवर चालतो. पुढची टाकी त्यातूनच भरायची असते."

"अगं हो गं," इबू कुसमी गोड हसल्या. "आपण काय परके आहोत?"

शनिवारी गल्लीतल्या सगळ्या बायका मुल्यादींच्या मागच्या अंगणात जमल्या. वार्तिनी कांदे सोलत होती. शेजारी यू सार्मी, गल्लीतल्या सगळ्यांची थोरली बहीण, दात एकच पण जीभ तिखट. समोर हिरव्या टाक्या ओळीनं, वर मोठाली पातेली. वार्तिनीनं सगळ्या टाक्या न्याहाळल्या. गुलाबी ठिपका कुठंच नव्हता.

"काय शोधतेस? नवरा का?" यू सार्मी म्हणाली. "तो मांडवात पत्ते कुटतोय."

"माझी टाकी."

"तीही मांडवातच आहे. पुरुषांच्या कॉफीला."

वार्तिनी हात पुसत मांडवात गेली.

कोपऱ्यात शेगडी होती. तिच्याखाली वार्तिनीची टाकी, ठिपक्यासकट. शेगडी पेटलेली. वर काही नव्हतं. ना किटली, ना पातेलं. निळी ज्योत फडफडत नुसती हवा तापवत होती. कॉफी कधीच होऊन गेली असणार, पेले वाळले होते. पुरुष पत्ते खेळत होते. एक जण उठला, लवंगेची सिगरेट तोंडात धरून शेगडीवर वाकला, झुरका मारला आणि परत जाऊन बसला. शेगडी तशीच.

मग दुसरा उठला. तो पार्योनो होता.

सिगरेट पेटवून त्यानं मान वर केली, तर समोर बायको.

"पाके," ती म्हणाली, "ही कोणाची टाकी आहे?"

"अगं... म्हटलं लायटर कशाला शोधायचा, पेटलेलीच आहे तर..."

"पेटलेलीच आहे!" तिचा आवाज असा चढला की पत्ते थांबले. "दोन दिवस उन्हात कोण उभं होतं? माझी पोर शाळेत पायी जाते, आणि तुम्ही सगळे मिळून माझं पीठ, माझं तेल, माझा रविवार फुंकताय! विड्या पेटवायला!"

तिनं कॉक फिरवला, रेग्युलेटर ओढून काढला आणि टाकी कडेवर घेतली. पोर घेतात तशी. मुल्यादी उठून म्हणाले, "वार्तिनी, शुभकार्य आहे. शेजारधर्म..."

"धर्म टाकीवर छापलाय, पाक मुल्यादी. वाचता येतं ना?"

मागून एकही बाई आली नाही. टाकी हलकी लागत होती. फार हलकी.

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी तिनं टेबल मांडलं. लोक चालायला आले होते, गिऱ्हाईक उभं होतं. पहिला घाणा निघाला. दुसरा कढईत सोडला आणि ज्योत पिवळी झाली, थरथरली, गेली. तेंपे तेलात मऊ पडलं. वार्तिनीनं टाकी हलवली, आडवी केली, वर गरम पाणी ओतलं. काही नाही.

"चला, पुढं बघू," गिऱ्हाईक म्हणालं आणि गेलं.

तिनं कढई खाली उतरवली. मग तिनं टेबल डोक्यावर घेतलं.

मुल्यादींच्या दारात मांडव सजला होता, नवऱ्याकडची मंडळी नुकतीच उतरत होती. वार्तिनीनं बरोबर कमानीखाली टेबल ठेवलं. परत जाऊन कढई आणली, शेगडी आणली. मग मागच्या अंगणात गेली. टाक्यांपाशी यू सार्मी बसलेली.

"कुठली भरलेली आहे, यू?"

यू सार्मीनं इकडं तिकडं बघितलं. "निळ्या दोरीची. माझीच आहे. ने. आणि मिरच्या विसरू नकोस, भजी मिरचीशिवाय कोण खातं?"

कढई पुन्हा तापली. वास मांडवभर गेला. "गरम तेंपे! गरम भजी!" वार्तिनी ओरडली, लग्नाच्या भोंग्याच्याही वर ऐकू जाईल अशी.

इबू कुसमी धावत आल्या. रेशमी कपडे, केसांत मोगरा. दात आवळून, पण हसत, कारण व्याही मंडळी बघत होती. "हे काय चाललंय?"

"तुम्ही भरून परत देणार होता ना? द्यायला यायचे कष्ट नकोत. मी इथंच वापरते."

"नंतर बोलू आपण."

"नंतर रस्ता सुरू होतो, इबू."

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई वास घेत जवळ आली. "अगं बाई, दारातच ताजी भजी! केवढी हौस तुम्हाला!"

इबू कुसमींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हो," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं अशीच पद्धत आहे."

"फुकट नाही हं," वार्तिनी म्हणाली. "पैसे यजमानीणबाईंकडून घेणार आहे. खा तुम्ही पोटभर."

मंडळी रांगेत उभी राहिली. पार्योनोही आला, नव्या बाटिक शर्टात अवघडलेला, हातात न पेटवलेली सिगरेट. तो सवयीनं शेगडीकडं वाकला. वार्तिनीनं नुसतं बघितलं. त्यानं सिगरेट कानामागं खोचली आणि मुकाट्यानं तेंपे कापायला बसला.

"जाड कापा," ती म्हणाली.