पिंपातली कोंबडी

चौऱ्याण्णव साली पनवेलच्या एसटी स्टँडामागे माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. आत मोठ्ठी पाटी: 'येथे खाऊ नये.' बटणं तेलकट झाली की माझं डोकंच सटकायचं. भगवानशेट खडूस आहे, म्हणायची पोरं. म्हणोत बापडी.

माणूस कसा खेळतो ते मागे उभं राहून बघावं, सगळा कळतो. गुरुदत्तला गुणांच्या यादीत आपलं नाव सगळ्यांच्या वर हवं असायचं. दुसऱ्याचं दिसलं की याचं तोंड एवढंसं. खांदा कॉलनीतला राजस जिंकायच्या भानगडीतच पडत नसे. कुठल्या कोपऱ्यात काय दडलंय ते बघत भटकायचा आणि हसत हसत मरायचा. आणि शैलेश? तो नुसता मारायला यायचा. मारामारीच्या गेममधल्या गुंडांना असा बडवायचा की मला माझ्या बटणांची कीव यायची.

राग होता तो घरावरचा. बाप काशिराम उरणचा, मासेमारीची स्वतःची होडी. पोरानं ती सोडून बंदराच्या गोदामात नोकरी धरली, तर बाप म्हणाला, "या घरात जेवाचा असंल तर होडीवर ये." पोरगा भरल्या ताटावरून उठला आणि पनवेलला खोली घेऊन राहिला. आई गुणाबाई इथल्याच बाजारात मासे विकायची. रोज त्याच्यासाठी डबा माझ्याकडे ठेवून जायची. तो उघडूनही बघायचा नाही. आईशी बोलणंच टाकलं होतं त्यानं. का, तर तेव्हा ती बापासमोर गप्प बसली म्हणून.

एका दुपारी गुणाबाईनं मासळीची पाटी दाराबाहेर ठेवली, तरातरा आत आली आणि शैलेश खेळत होता त्याच मशीनची दुसरी दांडी धरली.

"शेट, मना पन खेलाचा हाय."

"अहो बाई, हे काय कोलंबी सोलणं आहे का?" असं म्हणालो खरा, पण नाणं मीच टाकलं. शैलेशनं मानसुद्धा वळवली नाही. गुरुदत्त फिदीफिदी हसायला लागला, तसे मी डोळे वटारले.

बाई कुणाला मारेचना. पडद्यावरचा तिचा माणूस शैलेशच्या माणसामागे चालायचा आणि मुकाट मार खायचा. तेवढ्यात शैलेशनं एक पिंप फोडलं. त्यातून भाजलेली कोंबडी निघाली, चांगली ताटात वाढलेली. जो उचलेल त्याची ताकद भरून येते. त्या कोंबडीपायी सख्खे भाऊ एकमेकांना ढकलताना पाहिलेत मी. गुणाबाईचा माणूस अगदी ताटापाशी होता, आणि मरायला टेकला होता.

"मावशी, बटण दाबा! खा ती!" राजस ओरडला.

तिनं बटणावरचा हातच काढून घेतला. "त्याचा जेवान हाय ता. मी कशी खाऊ?"

शैलेशचा हात थांबला. इतक्या दिवसांनी तो आईकडे वळला.

"आये, खा ना. मरशील."

"आदी तू."

"माजी ताकद हाय अजून! तू खा!"

"तू जेवल्याबिगर मी कदी जेवलेय?"

पडद्यावरच्या घड्याळातली वेळ सरत चालली होती. गुंड दोघांना तुडवत होते आणि ही माणसं ताटापाशी हटून उभी! वेळ संपली. दोघंही आडवे झाले, कोंबडी तशीच राहिली.

"आये, तू दुपारची जेवत नाय?" शैलेशनं हळूच विचारलं.

ती जायला वळली. मग मात्र माझं तोंड सुटलं. "अरे गाढवा, तू डबा परत करतोस, ती तो शेजारच्या कोळणीला देऊन टाकते. स्वतः एक घास खात नाही!"

एवढा दांडगा गडी, पण ढसाढसा रडला. गुणाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "रडू नको. जेव."

मी टेबलाखालचा डबा काढून दिला. शैलेशनं 'येथे खाऊ नये'च्या पाटीकडे पाहिलं. "भायेर बसतो, शेट."

"बस इथंच!" मी खेकसलो. "पाटी माझी, पार्लर माझं."

डब्यात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण होतं. पोरानं पहिला घास मोडला आणि आईपुढे धरला. तिनं त्याचा हात मागे सारला.

"आदी तू."

"आये, नको ना," तो म्हणाला, "परत वेळ संपंल."

तेव्हा तिनं तोंड उघडलं.