गाठीतला वास

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. शारजातल्या एका बाल्कनीत माझ्यावर टॉवेल वाळत असतात, पण मी काही त्यासाठी जन्मलो नव्हतो.

बाडमेरजवळच्या एका गावात मैमुनाबीने मला शेळीच्या आणि उंटाच्या केसांपासून वळलं. तिचा मुलगा कमरुद्दीन इकडे उंट सांभाळायला निघाला, तेव्हा तिने मला त्याच्या बॅगेत कोंबलं. तेव्हापासून मला एकच कुतूहल. माझं एक टोक माणसाच्या हातात असतं. दुसऱ्या टोकाला आज कोण असेल?

शारजातल्याच धैद गावाजवळच्या मळ्यावर कधी त्या टोकाला अडेलतट्टू उंट असायचा, तर कधी कडू औषध बघून मान फिरवणारं पिल्लू. दोन्हीकडची धडधड मला कळायची.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात मी जमीला नावाच्या उंटिणीच्या पिल्लाच्या गळ्यात होतो. ते पिल्लू गेलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका पिल्लाची आई गेली. कमरुद्दीनने मला तसंच, न धुता, गाठही न सोडता, त्या पोरक्याच्या गळ्यात घातलं. जमीलाने मला हुंगलं, घशातल्या घशात हुंकार दिला आणि त्याला जवळ घेतलं. ती रोज आधी मला हुंगायची, मगच त्याला पिऊ द्यायची.

पुढे मदतनिधीसाठी मळ्यावर आसपासच्या उंटवाल्यांच्या चढाओढीचा एक खेळ ठरला. उंटवाले रोज करतात तीच कामं लोकांपुढे करून दाखवायची: उंट पिकअपमध्ये चढवणं, औषध पाजणं, दूध काढणं. तिकिटांच्या पैशांतून अपंग मुलांना चाकाच्या खुर्च्या मिळणार होत्या. मळ्यावरचे जनावरांचे डॉक्टर शैलेंद्र आदल्या संध्याकाळीच बायको कुंदा आणि छोट्या अवनीला घेऊन आले. जमीलाच्या आचळात दूध साठावं म्हणून पिल्लाला रात्रभर वेगळं ठेवलं होतं. मला त्याच्या गळ्यातून काढून खुंटीवर टांगलं होतं.

"अहो, उद्या एवढे लोक येणार नि हा कळकट दोर?" असं म्हणत कुंदाने मला गरम पाण्यात वॉशिंग पावडर घालून धुतलं. दोनदा! मला तर वाटलं, वा, आपण नवे झालो.

सकाळी दूध काढण्याचा खेळ सुरू झाला. पिल्लाने तोंड लावल्याशिवाय उंटीण पान्हा सोडत नाही, म्हणून मला गळ्यात घेऊन उपाशी पिल्लू धावतच गेलं. जमीलाने मला हुंगलं आणि त्याला लाथ मारली. ते उठून पुन्हा गेलं. पुन्हा लाथ. लोक हसले.

कमरुद्दीनने मला नाकाशी धरलं. "भाभीजी, रस्सी धोई क्या?"

"हां भाईसाब, बहुत मैली थी ना..."

"उसी मैल को तो वो अपना बच्चा समझती थी."

"आणि हा बाटली तोंडात घेत नाही," शैलेंद्र हळूच म्हणाले. "जमीलाने टाकला तर जगायचा नाही."

कुंदाचा चेहरा उतरला. मग ती एकदम प्रेक्षकांपुढचा कठडा ओलांडून आत आली. "अहो, गाठ! गाठ मला सुटली नव्हती. आत पाणी गेलं नसेल!"

तिने केसांतली पिन काढली. अवनीच्या केसांतला गुंता रोज सोडवणारी बोटं ती. "यल्ला, यल्ला, टाइम!" माइकवाला घाई करत ओरडत होता. तिने मान वर केली नाही. गाठ सुटली. आतला माझा वीतभर तुकडा कोरडा होता, मळकट होता, त्याला जुन्या दुधाचा वास होता.

तो तिने जमीलापुढे धरला. जमीला बराच वेळ हुंगत राहिली. मग तिच्या घशातून तो हुंकार आला आणि तिने पाय फाकवले. पिल्लू पिऊ लागलं.

कमरुद्दीन उंटीण दोहायच्या रीतीने एका पायावर उभा राहिला, दुसऱ्या गुडघ्यावर त्याने वाडगा टेकवला.

"काढ, चार धारा काढ," शैलेंद्र म्हणाले, "म्हणजे खेळात तरी राहू."

कमरुद्दीनने खाली पाहिलं आणि वाडगा वाळूत पालथा घातला. "आज नहीं, डॉक्टरसाब. आज ये पिएगा."

"आई, वी लॉस्ट?" अवनीने विचारलं.

"हो गं. शेवटचे आलो आपण," कुंदा म्हणाली. पण किती हसत म्हणाली!

पिल्लू मोठं झालं. मळ्यावर नायलॉनचे दोर आले आणि मी कोपऱ्यात पडून राहिलो. कमरुद्दीन कायमचा गावी निघाला तेव्हा मला कुंदाच्या हातात देऊन म्हणाला, "भाभीजी, अब जितना चाहे धोओ."

आता माझ्या एका टोकाला खिळा आहे, दुसऱ्या टोकाला खिडकीचं ग्रिल. धडधड कुणालाच नाही. पण कमरुद्दीनने पुन्हा बांधलेली ती गाठ कुंदा कधी सोडत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर स्वच्छ करा. फक्त आधी तिला एकदा हुंगा, आणि ती कुणाची आहे ते विचारा. तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी भुकेलं असू शकतं.

अवनी आता उंच झाली आहे. कपडे काढताना कधीतरी ती गाठीला नाक लावते. "आई, जस्ट सोप!" म्हणते. तरी गाठ मुठीत धरून जरा वेळ उभी राहते, आणि मला कळतं, आज दुसऱ्या टोकाला कोण आहे ते: तिच्या आठवणीतलं ते पिल्लू.