तांदळातलं नाव

"आता या देशात एकही मूल उपाशी झोपणार नाही!" अशी घोषणा सहदेव परबाने बोरिवलीच्या काजूपाड्यात, स्वतःच्या उंबऱ्यावर उभं राहून केली.

"अहो, तांदळाच्या डब्याचा तळ दिसतोय," आतून मालन म्हणाली.

सहदेवचं तिकडे लक्ष नव्हतं. तो धंद्याने प्लंबर. पाणी आणि सरकार उशिरा येतं, पण येतं, अशी त्याची श्रद्धा. आज तर सरकार चालत दारात आलं होतं. सरकारचं नाव तेजल, हातात टॅब, पायात स्लीपर. रेशनकार्डावरची माणसं खरी आहेत की नाहीत, हे बघायला आली होती.

तिने टॅबवर बोट फिरवलं आणि थांबली.

"काका, तुम्हाला बायका किती?"

"म्हणजे?"

"इथे दोन दिसतात. कार्डावर कुटुंबप्रमुख रत्नप्रभा. आधारवर आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर मालन."

सहदेव मटकन पायरीवर बसला. मालन ओल्या हातांनीच बाहेर आली. "पप्पा, मग माझी आई कुठली?" असं श्रुतिकाने विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडून फक्त "रवळनाथा!" एवढंच निघालं.

"अगं बाई, मीच ती दोन्ही!" मालन म्हणाली. "लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, रत्नप्रभा. नंतर एकदाही त्या नावाने हाक मारली नाही. पण कार्ड काढताना म्हणाले, सरकारदरबारी सासरचंच नाव शोभतं."

"शोभतंच," सहदेव पुटपुटला.

"ॲपला एक बाई कमी करावी लागेल," तेजल म्हणाली. "नाहीतर कार्ड बंद. रत्नप्रभा कमी केली तर प्रमुखच गेली. धान्य थांबेल."

"मग मालनला कर!" सहदेव घाईने बोलून गेला.

मालनने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आणखी एक पायरी खाली सरकला.

"मालन कमी केली तर श्रुतिका बिनआईची होते," तेजल खाली बघत म्हणाली. "पण तशा मुलांसाठी वेगळी मदत आहे. दर महिन्याला, थेट खात्यात. धान्यपण चालू राहील."

शेजारच्या कुकरने शिट्टी दिली.

"म्हणजे मी जिवंत असले तर पोरीचं ताट रिकामं," मालन सावकाश म्हणाली, "आणि मी मेले तर भरलेलं?"

"ताई, मी नाही बनवलं हो ॲप."

आयुष्यात पहिल्यांदाच सरकारकडून सहदेवला नफ्याचा प्रस्ताव आला होता, आणि त्यासाठी फक्त बायको द्यायची होती. तो ताडकन उठला. "एकही बाई कमी होणार नाही! दोन्ही माझ्या आहेत! लिही तसं!"

"दोन लिहिल्या तर तुमच्यावर केस होईल, काका."

"वाट लागली," म्हणत तो परत बसला.

तेजललाच दया आली. "दोन्ही नावं एकाच बाईची, असा काही पुरावा? लग्नातल्या त्या ताटाचा फोटो?"

"फोटोवाला तेव्हा जेवायला बसला होता," सहदेव म्हणाला.

"आणि ते तांदूळ?"

"दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले," मालन म्हणाली. "घरात पाहुणे, काय करणार?"

पुरावा कुटुंबाने मिळून संपवला होता, हे टॅबमध्ये कुठल्या रकान्यात घालावं, ते तेजलला सापडेना. शेवटी तिने 'निर्णय प्रलंबित' वर बोट ठेवलं. प्रलंबित म्हणजे नावबदलाचं राजपत्र येईपर्यंत धान्य बंद. ती जिना उतरून गेली. श्रुतिका आईचा पदर घट्ट धरून उभी होती, उगाच कोणी कमी करायला नको म्हणून.

सहदेवने घसा खाकरला. लग्नानंतर पहिल्यांदाच, अगदी हळू, त्याने हाक मारली, "रत्नप्रभा..."

"पुरे," मालनने त्याच्या हातात वाटी दिली. "शेजारच्या चंपावहिनींकडून एवढी भरून तांदूळ आणा. आणि कोणी मागितले विचारलं, तर नाव सांगू नका."