कुंभाराचा दिवा आणि ठरलेले उत्तर

शाळेत भाषा शिकवणाऱ्या सरांना मुले त्यांच्या पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणत. उत्तरे सांगताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते हा शब्द अशा निर्वाणीच्या स्वरात उच्चारत, की त्यानंतर शंका विचारणे म्हणजे बंद दुकानाचे शटर वाजवण्यासारखे वाटे. सरांना हे नाव ठाऊक होते. ते त्यांना आवडतही असे, पण तसे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

दहावीच्या पुस्तकात एक जुनी कविता होती. कुंभारापाशी एकाच वस्तूपुरती माती उरली आहे, आणि तो स्वतःलाच विचारतो:

गोळा एक मातीचा, मनात आकार दोन;
घट घडवू की दिवा? सांगणार तरी कोण?

कुंभार दिवा घडवतो. रात्री त्याच दिव्याच्या उजेडात त्याला कोपऱ्यातली घटाची रिकामी जागा दिसते. कविता तिथे संपे आणि सरांचे काम तिथे सुरू होई. तिच्यातून मिळणारा बोध त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शब्दांत बसवला होता, आणि तेव्हापासून त्यातला स्वल्पविरामही हलला नव्हता: "निर्णय विचारपूर्वक घ्यावा, ठामपणे घ्यावा, आणि एकदा घेतल्यावर मागे वळून पाहू नये, पूर्णविराम." परीक्षेत या वाक्याला पैकीच्या पैकी गुण पडत.

त्या वर्षी मुख्याध्यापिकाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. सोमवारी त्यांनी सरांना बोलावून घेतले.

"सर, संस्थेनं माझ्या जागी तुमचं नाव सुचवलंय. पण एक आहे, या खुर्चीत बसलं की वर्ग सुटतो. तास नाहीत, नुसत्या सह्या. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत हो की नाही सांगा."

"नाही म्हटलं तर?"

"तर गणिताचे सर. त्यांनी खुर्चीत बसूनही पाहिलं. जरा ठेंगणी आहे म्हणाले."

गणिताच्या सरांचे भाषेविषयीचे मत सर्वश्रुत होते. भाषा मुलांना घरूनच येते, तेव्हा तिचा तास दिवसाच्या शेवटी, खेळानंतर ठेवावा. म्हणजे खुर्ची घेतली तर कवितेचा तास वाचणार आणि तो दुसराच कुणी घेणार. नाकारली तर तास सरांचाच राहणार, पण समोर घामाघूम झालेली, अर्धवट झोपलेली मुले असणार. जन्मभर ठाम निर्णयाचा उपदेश केलेले सर तीन दिवस चहात साखर घालायची की नाही, हेही ठरवू शकले नाहीत.

गुरुवारी त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी फळ्यावर लिहिले: 'समजा, त्या कुंभाराला सर्व कुंभारांचा प्रमुख नेमले. मान मोठा, पण मातीला हात लावायचा नाही. नकार दिल्यास मातीतले काही न कळणारा मनुष्य प्रमुख होईल. कुंभाराने काय करावे? सकारण लिहा.'

"सर, हे पुस्तकात कुठंय?"

"पुस्तकाबाहेरचं आहे."

"मग गुण?"

"आहेत."

वर्ग एकदम गंभीर झाला आणि लिहू लागला. सगळ्यांचे लिहून एकाच वेळी झाले, हे सरांना तेव्हाच खटकायला हवे होते.

कागद घेऊन ते संध्याकाळी बायकोच्या दुकानात गेले. तिचे चष्म्याचे दुकान होते. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलून "हे बरं की हे?" असे विचारी. सरांनी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, आणि मग भराभर पाने उलटली. सगळीकडे कुंभाराने निर्णय विचारपूर्वक घेतला होता, ठामपणे घेतला होता, आणि तो मागे वळून पाहत नव्हता. कोणता निर्णय, ते एकानेही लिहिले नव्हते. एकाने मात्र शेवटी स्वतःची भर घातली होती: 'तोवर त्याने रजा घ्यावी.'

"अहो, चेहरा का उतरला?"

सरांनी सगळे सांगितले.

"माझ्याकडे एक आजोबा येतात," भिंग पुसत ती म्हणाली. "त्यांना अक्षरांचा तक्ता पाठ आहे. मी बोट ठेवायच्या आत खालची ओळ म्हणून मोकळे. आणि निघताना दारावर आपटतात."

"मग तू काय करतेस?"

"तक्ता बदलते. चिडतात, चुकतात. मग कुठं नंबर कळतो." तिने भिंग डबीत ठेवले. "वर्गभर पोरांना विचारलंत. घरात एक माणूस आहे, तिला विचारायचं नाही सुचलं."

"बरं, तू सांग. काय करू?"

"मी कशाला सांगू? मी विचारते. खुर्चीत बसल्यावर पहिलं काम कोणतं कराल?"

"हे उत्तर बदलायला लावीन."

"कुणाला?"

"जो शिकवेल त्याला. तसं परिपत्रकच काढीन."

"आणि तो पोरांना नवीन उत्तर सांगेल. पूर्णविरामासकट."

सरांनी कागद पुन्हा पुढे ओढले. मग त्यांनी सर्वांना पूर्ण गुण दिले, कारण ठरलेल्या उत्तराला शून्य देण्याचा अधिकार ते ठरवणाऱ्याला नव्हता. रजेवाल्याला अर्धा गुण अधिक दिला.

शुक्रवारी त्यांनी बाईंना नकार कळवला.

"कारण काय लिहू?"

"एक कविता शिकवायची राहिली आहे."

"तुमची राहिली? इतक्या वर्षांत?"

"हो."

बाईंनी 'वैयक्तिक कारण' असे लिहिले.

नव्या वर्षी भाषेचा तास अपेक्षेप्रमाणे शेवटी, खेळानंतर गेला. सरांनी कविता वाचली आणि पेने खाली ठेवायला सांगितली. अशी आज्ञा वर्गाने कधी ऐकली नव्हती, त्यामुळे काहींनी ती लिहून घेतली.

"कुंभारानं दिवा का केला?"

"तुम्ही सांगा ना सर, आम्ही लिहितो."

"मला माहीत नाही."

वर्गात चुळबुळ झाली. "त्याला तहान नसेल लागली," मागून कुणीतरी म्हणाले.

"लागली तरी काय? पाणी शेजारी मिळतं," एक मुलगी म्हणाली. "उजेड कोण देणार?"

"दिवापण मिळतो शेजारी!"

"अंधारात शेजारी जाणार कसा, शहाण्या?"

"तू सगळं शेजाऱ्यांवरच चालव!"

घंटा झाली तरी भांडण मिटले नाही. ते जिन्यावरून खाली उतरू लागले, तसे नवे मुख्याध्यापक जिन्यालगतच्या आपल्या खोलीच्या दारात आले.

"काय गोंधळ आहे, सर?"

"कविता चालली आहे."

"संपली का?"

"नाही," सर म्हणाले.

दोन पायऱ्या उतरून सर थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिले. मुख्याध्यापकांच्या खोलीचे दार उघडे होते आणि आत दिवा लागलेला होता. खुर्ची चांगलीच दिसत होती. गणिताच्या सरांनी ती उंच करून घेतली होती.