सुंदरअक्काचं काडतूस

आमच्या गावात बंदूक एकच, आणि ती एका बाईच्या नावावर. तोताराम आबा वारले तेव्हा गावाला वाटलं, त्यांची दुनळी आता पोलीस ठाण्यात जमा होणार आणि रोह्यांना हरभरा मोकळा मिळणार. पण त्यांच्या बायकोनं, सुंदरअक्कानं, चोपड्याला आणि जळगावला खेटे घालून पीकसंरक्षणाचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. गावातले मिशीवाले हसले. मीही हसलो, पण माझं शेत तिच्या बांधाला लागून असल्यामुळे जरा बेतानं हसलो.

रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर. तापीच्या खोऱ्यातून कळपानं वर येतं, खातं त्याच्या दुप्पट तुडवतं, आणि पोट भरलं की त्याच पिकात बसून रवंथ करतं. सकाळी शेतात गेलं की हरभऱ्याची चटई अंथरलेली दिसते. फटाके, झेंडे, जुन्या साड्या, सगळं करून झालं. रोही साड्यांकडे बघतात आणि चरतात.

सुंदरअक्काबद्दल एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. तिला काहीही वाया गेलेलं चालत नाही. तिच्या घरी जेवायला बसलं आणि ताटात घास टाकला, तर ती पाहुण्याला उठू देत नाही. शिळ्या कळण्याच्या भाकरीचा कुस्करा, भाजीच्या देठांची चटणी, सगळ्याला तिच्याकडे वाट सापडते. लोक तिला चिक्कू म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि त्याचं तिला काडीचं वाटत नाही.

तोताराम आबा शिकारी होते. शिकारबंदीचा कायदा केव्हाच झाला होता, पण त्याला आमच्या खोऱ्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली, एवढंच म्हणतो. आबांनी जनावर आणायचं आणि अक्कानं ते सोलून, कापून, वाटे करायचे, अशी त्यांच्या संसारातली वाटणी होती. काडतुसांबद्दल अक्का जे शिकली ते बंदुकीच्या मागे उभं राहून नाही, विळीवर बसून शिकली. एलजीच्या काडतुसात मोठे छर्रे असतात आणि ते पसरतात. ते लागले की जनावराचा फरा, म्हणजे पुढचा खांदा, रक्त साकळून काळा पडतो, मांसात हाडाचे कपचे घुसतात, आणि अर्धा फरा कुत्र्यांच्या वाट्याला जातो. याउलट काडतुसात एकच गोळी असली आणि ती फऱ्याच्या मागे नेमकी बसली, तर एक भोक सोडून बाकी जनावर धड राहतं. या नवराबायकोची भांडणं सासूवरून किंवा दागिन्यावरून कधी झाली नाहीत. झाली ती काडतुसावरून. शेवटी आबा एकगोळीवर आले. नर मारायचा नाही, मादी मारायची, हेही तिचंच. नराचं मटण उग्र आणि चिवट, शिजता शिजत नाही.

या हिवाळ्यात अक्काच्या अर्जावर वनखात्यानं दोन रोही मारायची परवानगी दिली. अट अशी की मांसाला कुणी हात लावायचा नाही. वनरक्षकासमोर पंचनामा, मग खड्डा, वर चुना आणि मीठ. मांसाचा तुकडा जरी कुणाच्या घरात गेला तर गुन्हा दाखल आणि परवाना रद्द. परवाना गेला की बंदूक गेली, आणि बंदूक गेली की आमच्या अख्ख्या शिवाराचा हरभरा गेला.

गावानं परवानगी ऐकली, अट ऐकली नाही. जीवराम हा आमच्या गल्लीतला खटपट्या माणूस. त्यानं घरी मिरच्या भाजायला सांगितल्या आणि ठेच्याचा नाही तर रश्श्याचा वास गल्लीभर पसरला. त्याचा हिशोब सरळ होता. वनरक्षक एक, खोरं मोठं. खरं सांगायचं तर माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. मी अक्काला हळूच विचारून पाहिलं.

"अक्का, एक मांडी बाजूले काढी लिधी ते कोनले समजनार शे?"

"परवाना मना नाववर शे, प्रेमराज," ती म्हणाली. "जेलमा मीच जासू. तू डबा देवाले येजो."



ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत कुंदन नावाचा वनरक्षक मोटारसायकलवर आला. धुळ्याकडचा, शांत माणूस. खड्डा आदल्या दिवशीच बांधाकडेला खणून झाला होता, शेजारी चुन्याच्या आणि मिठाच्या गोण्या. अक्कानं डब्यातून काडतुसं काढली आणि दोन्ही नळ्यांत एकगोळीच घातली. कुंदननं ते पाहिलं.

"अक्का, जवळून मारायचं आहे. एलजी घ्या. थोडं इकडेतिकडे झालं तरी जनावर जागेवर पडेल."

"एलजीमा फरा नासी जास."

"नासू द्या ना. जाणार खड्ड्यातच आहे."

अक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं तिच्या घरच्या ताटात अर्धी भाकरी टाकली आहे. "खड्डामा जाई ते जाई," ती म्हणाली. "पन धड जाई."

आम्ही तिघं तुरीच्या ओळीआड बसलो. तांबडं फुटलं आणि कळप खोऱ्यातून वर आला. पुढे नर होता, निळसर काळा, मोठा. तो चरत चरत आमच्या समोर आला आणि आडवा उभा राहिला, कुशीत दगड मारला तर लागेल इतका जवळ. सगळं नुकसान या नराचंच, असं मला त्या क्षणी वाटलं. मी अक्काला कोपरानं ढोसलं. तिनं बंदूक उचलली, नराकडे पाहिलं आणि नळी त्याच्या पलीकडे नेली. पलीकडे, बरीच लांब, एक भुरी मादी होती. तिच्यामागे पिल्लू नाही ना, एवढं कुंदननं दुर्बिणीतून पाहून घेतलं आणि मान हलवली. अक्कानं बार काढला.

मादी पडली नाही. ती पाठीतून वाकली, मागच्या पायांवर बसल्यासारखी झाली, मग उठली आणि बांध ओलांडून खोऱ्यात उतरली. आम्ही जाऊन पाहिलं तर हरभऱ्यावर रक्त थोडं आणि त्यात चघळलेला हिरवा पाला. गोळी फऱ्यामागे न लागता पोटात गेली होती. अक्का त्या पाल्याकडे बघत राहिली. ते काय आहे हे तिला आमच्या दोघांपेक्षा चांगलं कळत होतं.

खोऱ्यात काटेरी बाभळी आणि घसरडी माती. अक्का सत्तरीच्या आसपासची, पण बंदूक तिनं कुणाच्या हातात दिली नाही. रक्ताचा माग सापडायचा, हरवायचा. मादी थोडं चालायची, बसायची, आमची चाहूल लागली की पुन्हा उठायची. जिथं जिथं ती बसली होती तिथं माती ओली होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती एका हिवराच्या झाडाखाली सापडली. पुढचे पाय दुमडलेले, मान वर. आम्हाला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि तिला जमलं नाही. मटणाचं नावही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. अक्का अगदी जवळ गेली, कानामागे नळी धरली आणि बार काढला.

तेवढ्यात जीवराम आला. सोबत दोन गडी, पोती आणि कोयते. सकाळी बंदुकीचा आवाज ऐकून माग काढत आला होता. त्यानं मादीभोवती एक फेरी मारली आणि त्याचा चेहरा उजळला.

"देखा, एकगोळी! पोट सोडं ते बठ्ठं धड शे! मागल्या दोन्ही मांड्या चांगल्या शेतस." मग कुंदनकडे वळून तो गोड आवाजात शुद्ध बोलू लागला. "साहेब, तुम्ही दमले असाल. वर जाऊन पाणी घ्या. आम्ही आणतो."

कुंदन एकटा होता. आम्ही पाच जण, त्यात एकीच्या हातात बंदूक. तो अक्काकडे बघू लागला. जीवराम बघू लागला. मीही बघू लागलो. ती जरा पाठमोरी झाली असती तर काम झालं असतं. तिला फक्त तेवढंच करावं लागणार होतं, आणि आयुष्यभर मांसाचा एक तोळा वाया न घालवलेल्या बाईला ते करणं सोपंही होतं.

"जीवराम, पोतं आन आठे," ती म्हणाली.

जीवराम लगबगीनं पोतं घेऊन पुढे झाला.

"हाई पोतावर ठेव तिले. आनि ओढ. खड्डा वर शे."

"अक्का, इतलं चांगलं मटन..."

"मी तिले मारी, पन मरू दिधं नही," अक्का म्हणाली. "सकायपासून फिरी राहिनी ती. आनि तू माले मांड्या दखाडस?"

गड्यांनी मादी ओढत वर आणली, कुंदननं पंचनामा केला, चुना पडला, मीठ पडलं, माती पडली. अक्का शेवटच्या ढेकळापर्यंत तिथं उभी होती. घरी गेल्यावर ती जेवली नाही असं तिची सून कोकिळा म्हणाली. गाव मात्र रागावलं. एका म्हातारीनं सरकारच्या भीतीनं सगळ्यांच्या तोंडचा घास मातीत घातला, असं पारावर ठरलं. मी त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

कळप काही दिवसांनी परत आला. परवानगी एका जनावराची अजून शिल्लक होती. पुन्हा तुरीची तीच ओळ, पुन्हा कुंदन, मी आणि अक्का. या वेळी जीवरामही आला, कारण माणसाची आशा काही सुटत नाही. अक्कानं कनवटीतून काडतुसं काढली आणि ती बंदूक भरू लागली. जीवरामनं काडतुसाच्या कागदी नळीवरची अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"एलजी? अक्का, बठ्ठं मटन खराब व्हई!"

"व्हऊ दे," अक्का म्हणाली. "जनावरले मरनं शे, तेवढं लवकर मरू दे."

नर, मादी तिनं काही पाहिलं नाही. सगळ्यात आधी जे जवळ आलं, त्याला अजून जवळ येऊ दिलं, इतकं की मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग दोन्ही बार एकामागून एक काढले. तो नर होता. जिथं उभा होता तिथंच कोसळला, पायसुद्धा झाडला नाही.

आम्ही जवळ गेलो. फऱ्याच्या चिंधड्या झाल्या होत्या, हाड बाहेर आलं होतं, मांसाचा काळा चिखल झाला होता. जीवरामनं तोंड फिरवलं. अक्का खाली बसली आणि तिनं त्या चिखलावर तळहात ठेवला, छाती हलते का ते पाहायला. हलत नव्हती.

"बरं व्हयनं," ती म्हणाली, आणि कुंदनला खड्ड्याकडे चल म्हणून खूण केली.