धुरी दिलेलं धान्य

"दार उघड, नाहीतर तोडतो!"

"तोड की! तोड आणि आत शिरून मर!" मी कोठाराच्या दाराला पाठ लावून ओरडलो. ओरडून ओरडून घसा पार बसला होता.

मी सरकारी कोठारात धुरी देणारा माणूस. धान्याला कीड लागू नये म्हणून थप्प्यांमध्ये विषारी गोळ्या ठेवायच्या, दारं-झरोके चिकटपट्टीने बंद करायचे आणि आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. सगळे मला धुरीमामाच म्हणतात. हे कोठार राखीव. दंगल पेटली, रस्ते अडले, तर शहराला पुरवायचं धान्य. त्याची योजना दरवर्षी होते. टेबलाभोवती बसून चहा, नकाशावर लाल बाण. पण दंगल पेटेल तेव्हा आत गोळ्या ठेवलेल्या असतील, हे कुणाच्या बापाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

सकाळीच पुलापलीकडे अडकलेल्या साहेबांचा फोन आला होता.

"वरून आदेश आलाय. वाटप सुरू करा."

"साहेब, आत विष आहे."

"मग वर काय सांगू?"

"तेच सांगा."

फोन ठेवला तो ठेवलाच.

दुपारी लोक फाटक ढकलून आवारात शिरले. कोपऱ्यावरचा शिंपी होता, शाळेतल्या बाई होत्या. चार दिवस चूल न पेटलेली माणसं ती! "साठा दडवताय! आपल्या माणसांना ठेवलाय!" सरकारी माणूस धान्यापुढे उभा राहून ‘विष आहे’ म्हणतोय, त्यांच्या जागी मी असतो तर मीही ऐकलं नसतं. लोहार पहार घेऊन पुढे सरसावला.

तेवढ्यात गर्दीतून ताई आली. माझी सख्खी थोरली बहीण.

"माझ्यासाठी तरी उघड रे. तुझे दाजी काल चक्कर येऊन पडले. साखरेची सुई टोचायची आणि वर पोटात काही नाही. कसं व्हायचं?"

"ताई, नाही उघडता येत."

"पसाभर काढ. मी धुवून घेईन."

"धुवून जात नाही गं ते. दार उघडलं की आधी इथलीच माणसं पडतील."

"आईची शपथ घे."

"आईची शपथ."

तिने माझा चेहरा नीट निरखला. तिचे पाय धरावेत असं मला वाटत होतं, पण दार सोडायची हिंमत नव्हती. मग ती लोहाराकडे वळली.

"हा माझा पाठचा भाऊ. माझा नवरा मरायला टेकलाय, तरी हा मला मूठभर देत नाही. तुम्हाला काय देणार, कपाळ? आत खरंच विष आहे. ठेव ती पहार खाली."

पहार खाली आली. लोक शिव्या घालत पांगले. माझ्या डब्यात होतं नव्हतं ते मी ताईच्या पिशवीत रिकामं केलं.

"हे आजचं झालं," ती म्हणाली. "उद्या?"

मी परत दाराला पाठ लावून उभा राहिलो.

मुदत संपल्यावर दारं उघडली, वारा खेळू दिला, तपासणी झाली. पूल मोकळा झाला, साहेबही उगवले. योजनेप्रमाणे वाटप चाललंय म्हणून फोनवर वर कळवत होते. माणशी दोन मापं. माप माझ्या हातात होतं.

रांगेत ताई आली. दोन मापं ओतून मी तिसरं भरलं, तर तिने पिशवीचं तोंड मिटलं.

"बास."

"अगं, दोघांची चार होतात."

"एकाचंच घाल."

मला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. त्या दिवसानंतर तिच्या गल्लीत संचारबंदी लागली होती, कोण येणार सांगायला? माप हिंदकळलं, दाणे खाली सांडले.

"ताई..."

"मागे माणसं उभी आहेत," ती म्हणाली. "हात चालव."

पिशवी उचलायला मी पुढे झालो, तर तिने माझा हात बाजूला केला. स्वतःच ती खांद्यावर घेतली आणि फाटकातून बाहेर पडली. मी पुढच्या माणसाची पिशवी धरली.