इशाऱ्याच्या आधी

लेखी परीक्षेत ती सहज पास झाली. क्रेनच्या केबिनमध्ये चढली आणि नापास झाली.

"तुम्ही माझ्या हाताकडे बघतच नाही, ताई," परीक्षक म्हणाला. "मी हात उचलायच्या आत वजन हललेलं असतं."

खोटं नव्हतं. कारखान्यात खालून इशारे देणाऱ्या माणसाला सगळे पैलवान म्हणत. त्याने मान वळवली की ती क्रेन त्या बाजूला घ्यायची, तो एक पाऊल मागे सरला की वजन उतरवायची. हात हलवायची वेळ त्याच्यावर येतच नसे आणि दोघांनाही त्याची ऐट होती. पण आता प्रमाणपत्राशिवाय कुणीही केबिनमध्ये बसायचं नाही, असा नियम आला होता. फेरपरीक्षा एकदाच. तीही हुकली तर तिची बदली खाली, पॅकिंगला.

"आजपासून पूर्ण हात करून इशारे द्या," तिने पैलवानला सांगितलं.

"म्हणजे या वयात कवायत?"

दोनदा त्याने हात केले. नंतर नुसत्या भुवया उडवल्या. क्रेन हलली. केबिनमध्ये तिने स्वतःच्या मनगटावर चापट मारली.

त्या आठवड्यात तिला कुठेच स्वस्थ थांबता येईना. बँकेच्या रांगेत पुढच्याच्या टाचेला तिचा बूट लागायचा. लिफ्टचं पेटलेलं बटण ती पुन्हा पुन्हा दाबायची. घरी नवरा बोलायला लागला की त्याचं वाक्य तीच पुरं करायची, तेही बऱ्याचदा चुकीचं.

शेवटी सराव घरातच सुरू झाला. ती स्टुलावर, दोन्ही हातांत क्रेन चालवायचे दांडे म्हणून लाकडी चमचे. नवरा पाण्याची बादली घेऊन उभा, कारण तो वजन होता. समोर सासूबाई, इशारे द्यायला.

"आता आई खाली म्हणेल बघ," नवरा कुजबुजला.

"वजनाने बोलायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी हात जरा सैल सोडला. तिचा चमचा झुकला आणि नवरा बादलीसकट वाकला.

"अगं, माझं बोट अजून निघालंसुद्धा नाही."

"आई, तुमच्या खांद्यावरून कळतं."

"इतक्या वर्षांत कधी कळलं नाही ते?"

नवरा हसला आणि पाणी फरशीवर सांडलं. सासूबाईंना मात्र खेळ सापडला. त्या चष्मा सारखा करत, नाक खाजवत, पदर सावरत. दर वेळी चमचा थरथरे. "थांब," त्या शांतपणे म्हणत. फरशी रोज ओली होई, पण दिवसागणिक कमी.

फेरपरीक्षेला परीक्षक तोच होता. पाण्याने भरलेलं पिंप दोन खांबांमधून नेऊन पांढऱ्या खुणेवर टेकवायचं होतं. पहिला खांब न लागता मागे पडला. मग त्याने हात आडवा धरला, म्हणजे थांबा. ती थांबली. त्याने हात खाली सोडले आणि तो कागद चाळू लागला.

पिंप झुलत होतं. क्रेन बोटभर सरकवली असती तर झोका मोडला असता. तिचा हात दांड्यापर्यंत गेला. तिने तो मांडीखाली दाबून धरला. पायाची टाच मात्र केबिनच्या पत्र्यावर वाजतच राहिली. बऱ्याच वेळाने पिंप आपोआप स्थिर झालं.

परीक्षकाने मान वर केली आणि स्वच्छ इशारा केला. थेट दुसऱ्या खांबाच्या दिशेने, जिथे पिंप त्यावर आदळलंच असतं.

ती हलली नाही. त्याने इशारा पुन्हा केला, या वेळी हात लांब करून. कडेला उभे असलेले उमेदवार वर बघू लागले. इशारा मिळूनही न हलणं हीसुद्धा चूक धरली जाणार होती आणि यानंतर तिला संधी नव्हती. तरी दांड्याला हात न लावता तिने हॉर्न दाबला. एकदा. मग परत, जरा लांब.

परीक्षक मागे वळला. त्याने खांबाकडे पाहिलं. मग पँटला तळहात पुसून त्याने उलट्या दिशेचा इशारा केला. हात पूर्ण बाहेर आल्यावरच तिने दांडा सरकवला. पिंप खुणेवर टेकलं.

ती शिडी उतरून आली तेव्हा तो सही करत होता.

"पास," तो म्हणाला.

"साहेब, खांबाकडे जायला सांगितलंत, ते मुद्दाम ना?"

त्याने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. "हॉर्न दिलात ते बरं केलंत," म्हणाला आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.